मदत हवी आहे: आईसाठी ओव्हनशिवाय होणारं, साखर न चढवणारं गोड

नमस्कार. पुढच्या रविवारी आईचा 75वा वाढदिवस आहे. तिला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, आणि गोडाची आवड मात्र जराही कमी झालेली नाही.

कृपया गूळ, मध किंवा खजूर सुचवू नका. मागच्या दिवाळीत बिनसाखरेचे म्हणून खजुराचे दोन लाडू तिला दिले आणि दोन तासांनी मीटरवर 240 दिसले. खजुरात निम्म्याहून जास्त साखरच असते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

सध्या श्रीखंड बऱ्यापैकी जमतंय. दही रात्रभर टांगून चक्का, त्यात वेलची, केशर, बदामाची भरड. पण गोडीसाठी घातलेल्या स्टीव्हियाचा (वनस्पतीपासून मिळणारा साखरेचा पर्याय) कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. जायफळाने तो झाकला जातो का? एरिथ्रिटॉल (साखरेचा आणखी एक पर्याय) कोणी वापरलंय का? चक्क्यात विरघळतं की कचकच लागते?

आणि सुकं खोबरं-तिळाचे लाडू पाकाशिवाय वळायचे कसे? तूप वाढवलं की फ्रिजबाहेर काढल्यावर लगेच बसतात. बदामाचं कूट घालून कोणाचे टिकले असतील तर प्रमाण वाटीत सांगा. तिच्या हातात एक तरी लाडू निर्धास्तपणे ठेवायचा आहे.