आईला एच. पायलोरी (पोटातला जंतू) निघालाय, गोळ्यांऐवजी ग्रीन टी चालेल का?

रामबागकर: मागच्या आठवड्यात इथेच इंदूरला आईची एंडोस्कोपी झाली, जठराला सूज आणि एच. पायलोरी पॉझिटिव्ह. दोन अँटिबायोटिक आणि ॲसिड कमी करायची गोळी असा १४ दिवसांचा कोर्स दिलाय, पण चौथ्या दिवसापासून तोंड कडू पडायला लागलं आणि त्यात मावशीने सांगितलं की ग्रीन टीने हे जंतू मरतात, झालं, काल सकाळपासून गोळ्या डब्यातच आणि साडेपाचला उपाशीपोटी पेलाभर वाफाळता ग्रीन टी. त्यावर मळमळतंय म्हणते. खूप काळजी वाटतेय, कुणाला माहिती आहे का?

लॅबवाली_ताई: दादा, आधी डॉक्टरांना फोन करा, आजच. कोर्स अर्धवट सोडला की उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, मग पुढचा कोर्स जड जातो. मावशींचं अगदीच खोटं नाही, ग्रीन टीत कॅटेचिन्स नावाची द्रव्यं असतात, त्यातलं मुख्य ईजीसीजी, आणि लॅबमधल्या काचेच्या बशीत ते या जंतूची वाढ रोखतं, जंतू ॲसिडमध्ये तग धरायला जे युरिएज नावाचं एन्झाइम वापरतो त्यालाही अडवतं. पण पोट म्हणजे बशी नव्हे ना, तिथे हा जंतू अस्तरावरच्या चिकट थरात दडून बसतो आणि चहा थोड्या वेळात पुढे निघून जातो. पोटाचा कॅन्सर टळतो का यावरही माणसांवरच्या अभ्यासांचं एकमत नाहीये.

सुदामानगर_काका: माझंही तोंड असंच कडूजहर झालं होतं, पोहे-जिलबीसुद्धा गोड लागेना, कोर्स संपल्यावर चव परत आली, आईंना सांगा. चहा उपाशीपोटी नको, त्यानेच मळमळतं, आणि वाफाळता तर नकोच, ६५ अंशांवरच्या पेयांनी अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका संभवतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ मध्येच सांगितलंय. ग्रीन टीच्या कॅप्सूल कुणी दिल्या तर घेऊ नका, जास्त मात्रेने लिव्हरला त्रास होतो. कोर्सनंतर महिन्याभराने, जंतू गेला का ते बघायला, श्वासाची टेस्ट करून घ्या, त्याआधी दोन आठवडे ॲसिडची गोळी बंद ठेवावी लागते, ते डॉक्टरांना विचारूनच.

रामबागकर: फोन केला. रात्रीपासून गोळ्या सुरू, चुकलेल्या दिवसाचं काय ते त्यांनी लिहून दिलंय. आई आधी ऐकेना, मग काकांचा मेसेज वाचून दाखवला. चहा आता नाश्त्यानंतर, कोमट करून. ताई, घरातल्या बाकीच्यांनीही टेस्ट करावी का?

लॅबवाली_ताई: कुणाला पोटाचा त्रास असेल किंवा घरात कुणाला पोटाचा कॅन्सर झालेला असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.