मदत हवी आहे: ॲप नवीन गाणं सुचवतच नाही

खासबाग_कट्टा: दोन महिने झाले, तीच पन्नास गाणी फिरून फिरून येतात. ॲप काढून परत टाकलं, तरी तेच. लई वैताग आलाय. उपाय सांगा.

तंबोरा: कुठलं ॲप? आणि नवीन म्हणजे यंदाचं, की तुम्ही न ऐकलेलं? परत टाकून उपयोग नाही, आवडनिवड खात्याला चिकटलेली असते.

खासबाग_कट्टा: न ऐकलेलं. परवा रात्री शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचा बसंती केदार राग लागला, झोपच उडाली. तसलं पाहिजे. सकाळी बघतोय तर परत लावण्या आणि डीजे.

स्वरपंचगंगा: ॲप सोडा, देवल क्लबात, आपल्या इथल्या गाण्याच्या संस्थेत, बैठकीला जाऊन बसा. कोल्हापुरात राहून मन्सूर ॲपला विचारायचे? जयपूर घराण्याचे गवई अल्लादिया खाँसाहेब इथे शाहू महाराजांच्या पदरी होते. त्यांच्याच मुलांकडे, मंजी खाँ आणि भूर्जी खाँकडे, मन्सूर शिकले.

तंबोरा: मान्य, पण रोज रात्री अकराला बैठक कुठून आणायची?

जुना_रेडिओ: वायरचे इयरफोन घ्या. तानपुरा स्वच्छ ऐकू येतो.

तंबोरा: इयरफोनचं कुणी विचारलंय? कट्टा, लावण्या ऐकतं कोण?

खासबाग_कट्टा: दुकानात पोरं लावतात. चपलांचं दुकान आहे, दहा ते नऊ माझाच फोन स्पीकरला. त्याचा काय संबंध?

तंबोरा: सगळा संबंध तिथंच आहे! तुमच्यासारखंच ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं, त्यावरून सुचवतात. अकरा तास लावणी, अर्धा तास केदार. ॲपच्या लेखी तुम्ही लावणीवाले. त्यात अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, राग ऐकणारे मुळात थोडे, त्यामुळे जोड्या जुळवायला त्याच्याकडे माहिती कमी. दुकानाला वेगळं खातं काढा. स्पॉटिफाय असेल तर दुकानाची प्लेलिस्ट टेस्ट प्रोफाइलमधून, म्हणजे तुमच्या आवडीच्या नोंदीतून, वगळता येते. यूट्यूब असेल तर दुकानात इनकॉग्निटो लावा, म्हणजे ऐकलेल्याची नोंद राहत नाही. आणि रोज स्वतः रागाचं नाव टाकून शोधा: खट, नट कामोद, सावनी कल्याण.

स्वरपंचगंगा: राग नको, माणसं धरा. केसरबाई, मोगूबाई, धोंडूताई, खाँसाहेबांच्या परंपरेतल्या गायिका. खाँसाहेबांचं ध्वनिमुद्रणच नाही, शिष्यांच्या गाण्यातूनच त्यांना ऐकायचं. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, माहीत आहे का?

तंबोरा: केसरबाईंचा नट कामोद ऐकायला रागाचं नावच टाकावं लागतं ना?

खासबाग_कट्टा: दुकानाला दुसरं खातं काढलं. जुन्यात सहाशे गाणी लाइक केलेली आहेत, ती पुसायची का?

तंबोरा: ॲप कुठलं ते अजून सांगितलं नाही तुम्ही.