मदत हवी आहे: बुरशी लागलेली कॅसेट वाचवायची आहे

नमस्कार मंडळी. ठाण्यात किंवा नवी मुंबईत जुनी कॅसेट साफ करून डिजिटल करून देणारं खात्रीचं कोणी माहीत आहे का?

१९९६ मध्ये वाशीत आम्हा चौघांचा पंक बँड होता. सगळे अकरावीतले. तीन कॉर्ड, उसनी गिटार आणि बेंबीच्या देठापासून ओरडणं. लोकलने सीएसटीला उतरून धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव ऐकायला जायचो आणि दुसऱ्या दिवशी ड्रमरच्या घरी गाद्या खिडकीला लावून प्रॅक्टिस. त्या प्रॅक्टिसची एकच सी-६० (साठ मिनिटांची) कॅसेट उरली आहे. बी साइडच्या शेवटी ड्रमरच्या आईचा आवाज आहे: "पुरे रे आता, पोहे निवतायत." काकू मागच्या वर्षी गेल्या. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. एका दुकानदाराने तशीच प्लेअरमध्ये घालायला घेतली, मी हिसकावून परत आणली. बुरशीने थर चिकटले असतील तर टेप तुटते, शिवाय प्लेअरचा टेप वाचणारा हेडही खराब होतो. खोक्याला पाच स्क्रू आहेत, म्हणजे उघडता येईल, पण माझा हात धजत नाही.

स्वतः असं काम केलेल्यांनीच सांगा. टेप कशाने पुसलीत? खर्च किती आला? आणि त्या काळी वाशी-नेरूळच्या सोसायट्यांमध्ये गणपतीत आमच्यासारखी पोरं वाजवायची, त्यांचं रेकॉर्डिंग कोणाकडे असेल तर तेही नक्की कळवा.