खोंडाबरोबरची कालवड, तसंच माझ्या मुलीचं होईल का?

मुरगूडची सून
मला २१ दिवसांपूर्वी जुळं झालं. मुलगा २ किलो ४५०, मुलगी २ किलो ३००. कोल्हापुरात सिझर झालं, दोघंही अंगावर पितात. आमच्या गोठ्यात चार एचएफ (होल्स्टीन, विदेशी जातीच्या) गाई आहेत. बारशादिवशी चुलत सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "खोंडाबरोबर झालेली कालवड गाभण राहत नाही, हिचं पण तसंच." मी उत्तर दिलं असतं, पण आबा (सासरे) मान खाली घालून बसले. आमच्याच गाईला तसं जुळं झालं होतं. ती कालवड कधी माजावर आली नाही, शेवटी विकली.

त्यात चौथ्या दिवशी मुलीच्या लंगोटाला रक्ताचा डाग दिसला होता आणि छातीला अजून गाठीसारखी सूज आहे. न्हाऊ घालणाऱ्या मावशी म्हणतात, पिळून दूध काढू. मी हात लावू दिला नाही. पोटात असताना भावाचे हार्मोन्स हिच्या अंगात गेले असतील का? रात्री दोघं झोपतात, मी जागी असते.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, गडहिंग्लज
ताई, गाईबद्दल आबांनी पाहिलं ते खरं आहे. गाईच्या पोटात जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या लवकरच एकमेकींत मिसळतात. खोंडाची वृषणं तयार झाली की त्यांतून एएमएच नावाचं हार्मोन आणि टेस्टोस्टेरॉन सुटतं. एएमएचचं काम खोंडाच्या पोटात गर्भाशय होऊ न देणं. तेच रक्तातून बहिणीकडं जातं आणि तिचं गर्भाशय खुंटतं. अशा १०० कालवडींतल्या ९० हून जास्त कायमच्या भाकड राहतात. शिकागोच्या फ्रँक लिली या प्राणिशास्त्रज्ञांनी १९१६-१७ च्या सुमारास याचं कारण रक्तातली हार्मोन्स असल्याचं मांडलं. पण हे गाईचं झालं. माणसाचं सिस्टरनी सांगावं.

प्रसूती विभागातली सिस्टर
ताई, तुमच्या मुलीला हे होणार नाही. मुलगा-मुलगी जुळी म्हणजे दोन वेगळी बीजं. प्रत्येकाची वार वेगळी, आणि दोन्ही वारा चिकटून वाढल्या तरी रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळणं अगदी विरळ. शिवाय माणसाची वार टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करून टाकते, त्यामुळं मुलीचं आपोआप रक्षण होतं.

पहिले सहा आठवडे मुलगा-मुलगी आतून सारखेच असतात, दोघांकडं दोन्ही प्रकारच्या नळ्या, एक मुलाच्या अवयवांची, एक मुलीच्या. मुलाच्या वाय गुणसूत्रावर एसआरवाय जनुक असतं (१९९० मध्ये सापडलं). त्याच्यामुळं वृषणं होतात, आणि आठव्या आठवड्याच्या आसपास त्यांचं टेस्टोस्टेरॉन सुरू होतं. मुलीत एएमएच नसतं, म्हणून तिच्या नळ्यांचं गर्भाशय होतं. तुमच्या मुलीचंही तसंच झालं असणार.

डाग आणि सूज मात्र खरंच हार्मोन्सची, पण भावाची नव्हे, तुमची. नऊ महिने तुमचं इस्ट्रोजेन तिला मिळत होतं, जन्मानंतर ते एकदम घटलं, म्हणून डाग. छातीची सूज मुलग्यांनाही येते, काही आठवड्यांत उतरते. पिळू अजिबात देऊ नका, जंतुसंसर्ग होऊन गळू होतं. लाल झालं, ताप आला किंवा आता परत रक्त दिसलं तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडं न्या.

मुलीचं वजन मुलापेक्षा कमी भरलं, तेही मनाला लावून घेऊ नका. मुलगे सरासरी १०० ग्रॅमच्या वर जड भरतात, आणि पोटातली वाढ मुख्यतः इन्सुलिन आणि त्याच्यासारख्या वाढ-घटकांवर चालते. मुलाच्या दोन्ही गोट्या पिशवीत उतरल्यात का तेवढं पाहून घ्या. सहा महिन्यांत नाही उतरल्या तर सर्जनना दाखवा.

मुरगूडची सून
सिस्टर, तुमचं उत्तर आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, मग मुलीला मांडीवर घेतलं. मुलाच्या दोन्ही गोट्या खाली आहेत. आबा विचारतात, अशी कालवड लहानपणीच ओळखता येते का?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, गडहिंग्लज
येते. तिचा योनीमार्ग नेहमीपेक्षा बराच आखूड असतो. महिन्याभराची व्हायच्या आत डॉक्टर बोलावून मोजून घ्या. रक्ताची तपासणीही होते.