2 अंशांचं पाणी आणि 7 किलोंची केबिन बॅग: कोणता रेग्युलेटर?

मदत हवी आहे. आइसलँडच्या सिल्फ्रा या पाण्याखालच्या भेगेत ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा पोशाख) घालून स्कूबा डाइव्ह ठरल्यात, त्यासाठी नवा रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाजोग्या दाबावर आणणारं उपकरण) हवाय: गोडं पाणी, 2 ते 4 अंश, खोली 18 मीटरच्या आत. एरवी वापर मालवण-नेत्राणीच्या कोमट समुद्रात.

सध्याचा सील नसलेला (आत पाणी शिरू देणारा) पिस्टन फर्स्ट स्टेज, म्हणजे टाकीवर बसणारा भाग, 6 अंशांतच गोठून फ्री-फ्लो होतो (हवा सतत सुटत राहते). इंटरमीजिएट प्रेशर (दोन स्टेजमधला दाब) 9.5 वरून 9 बारवर आणलं, सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) डीट्यून केली, म्हणजे कमी संवेदनशील केली, पाण्याबाहेर पर्ज (हवा सोडायचं बटण) दाबणं बंद केलं, तरी तेच.

म्हणून फर्स्ट स्टेज सीलबंद डायफ्रॅमचा (आत पाणी न शिरणारा), टाकीला आट्यांनी बसणारी डिन जोडणी, सोबत योक (शिकंजा) जोडणीसाठी अडॅप्टर एवढं पक्कं. ईएन 250 या रेग्युलेटरच्या युरोपीय मानकाची 10 अंशांखालच्या पाण्यासाठीची चाचणी हवीच, आणि सर्व्हिस किट भारतात मिळायला हवं. घोडं अडलंय सेकंड स्टेजवर. धातूची बॉडी उच्छ्वासाची ऊब धरते, पण 7 किलोंच्या केबिन बॅगेसाठी जड. प्लॅस्टिक बॉडीत धातूचा हीट एक्स्चेंजर (आतल्या थंड हवेला ऊब देणारा भाग) असलेली सेकंड स्टेज 2 अंशांत कुणी वापरलीय का, आणि कोणतं मॉडेल?