फोटो बघत बघत खाली सरकायचं... तुम्हाला कुठं सापडली अशी जागा?

सुमनअक्का_कॅम्प
काल माळ्यावरची ट्रंक काढली, इरकली उन्हात घालायच्या म्हणून, तर तळाशी २००६ सालची वही. त्यात वेबसाइटचे पत्ते हातानं लिहिलेले, डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू सकट. पुढच्या वेळी सायबर कॅफेत तोच कॉम्प्युटर मिळेल याची खात्री नव्हती आणि बुकमार्क म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. खडेबाजारात एका माडीवर कॅफे होता, तासाला २० रुपये. मला कसुतीचे, म्हणजे आपल्या साडीवरच्या भरतकामाचे, नमुने पाहिजे होते. भरतकामावर बोलणाऱ्या बायका सापडायच्या, नाही असं नाही, पण सगळी नुसती निळ्या अक्षरांची यादी. 'हेल्प प्लीज', 'क्वेश्चन', 'माय फर्स्ट ट्राय'. आता यात गोपूर कुठाय नि हत्ती कुठाय? आत गेल्याशिवाय कळायचं नाही, आणि आत गेलं की फोटो वरनं खाली असा हळूहळू उतरायचा, दुकानाचं शटर ओढल्यासारखा. एकदा अर्धा हत्ती उतरला आणि लाईट गेली. पैसे गेले, सोंड राहिली.

मग किती वर्षांनी भाचीनं फोनवर दाखवलं. तुळशीवृंदावन, रथ, पालखी, हत्ती, सगळं एकाखाली एक, बोटानं वर ढकलत जायचं, आवडलं की थांबायचं, आणि खाली बायकांचं भांडण चालू की हा टाका गवंती आहे का मुर्गी. त्या दिवशी भात करपला आमच्यात.

तुम्हाला अशी जागा कशी सापडली? लिहा की. कसल्याही विषयाची चालेल.

कुंदा_कमी_खा
वहीचा फोटो टाका आधी

जांबोटीकडचा
आमच्यात पावसाळ्यात रेंज म्हणजे एका फणसाखाली, तेही बोर्डाच्या बाजूला उभं राहिलं तर. तरीपण सापडली जागा. भीमगडला वटवाघळं बघायला आलेल्या पोरांनी सांगितलं (बारापेडे गुहेतली, हां, लांबून येतात लोक तेवढ्यासाठी). आयनॅचरलिस्ट म्हणून आहे. बेडकाचा फोटो टाकायचा, कुठं दिसला ते नकाशावर ठेवायचं, मग लोक खाली बोलतात, हा हा नव्हे, तो तो आहे. मला इंग्रजी वाचायचा कंटाळा, पण तिथं वाचायला लागतंय कुठं? आपल्या बेडकासारखा दिसतोय तो बघायचा, तिथं थांबायचं. आमच्या विहिरीवरच्या हिरव्या बेडकावर चार जण चार दिवस वाद घालत होते आणि बेडूक आपला विहिरीवरच.

नाव कळलं, पण घरात अजून "ते हिरवं" असंच म्हणतात.

निपाणीची_सून
सुमनअक्का अर्धा हत्ती 😂😂

आमच्या सासूबाई कन्नड शाळेत शिकल्या, देवनागरी सावकाश वाचतात. माझं माहेर कागल, मला कन्नड बोलता येतं पण वाचायला म्हटलं की नुसती जिलेबी दिसते. दोघींच्यात इंग्रजी कुणालाच नाही धड. तर पिंटरेस्टवर दोघी एका फोनवर बसतो, रांगोळी बघायला. तिथं काय वाचायचंच नाही ना. ठिपके मोजायचे बस. त्या "ओंदु येरडु" मोजतात, मी एक दोन मोजते, कधी कधी बेरीज वेगळी येते मग परत पहिल्यापासनं.

पण एक झालं, त्यांनी चुकून एका कोंबडीवर बोट ठेवलं आणि तेव्हापासनं आमचं पिंटरेस्ट म्हणजे कोंबड्यांचा बाजार. रंगीत कोंबड्या, परदेशी कोंबड्या, कोंबड्यांची घरं. कसं घालवायचं कुणाला माहितीये का

चिकोडी_टू_बेंगळूर
@निपाणीची_सून वहिनी, कोंबडीच्या फोटोखाली तीन टिंबं असतात, त्यात जाऊन लपवा म्हणायचं. आठ-दहा कोंबड्या लपवल्या की त्याला कळतं हळूहळू.

बाकी माझं सांगतो. रेडिट म्हणून गप्पांची वेबसाइट आहे, तिथं मी लई वर्षं जात नव्हतो, दिसायला तलाठ्याच्या उताऱ्यासारखं. २०१८ ला त्यांनी रूप बदललं तेव्हा कार्ड म्हणून प्रकार आला, फोटो मोठा, खाली गप्पा. तिथनं लागलो. पण पुढं उलटं झालं, बाइक दुरुस्तीचं शोधायचं असलं की मी कॉम्पॅक्ट करतो, नुसत्या ओळी. किल्ले, डोंगर, जेवण बघायचं असलं की कार्ड. दोन्ही ठेवायचं.

आणि हे जे संपतच नाही, खाली खाली नवीन येतच राहतं, ते २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या माणसानं काढलं. सुमनअक्का वहीत पत्ते उतरवत होत्या त्याच वर्षी बघा. पुढं त्यालाच वाईट वाटलं, लोकांचा वेळ लई जातो म्हणून. आधी पान १, पान २ असायचं, पान संपलं की माणूस उठायचा तरी. आता काय.

रिटायर्ड_गुरुजी
मला हे पटत नाही. यादी होती तेव्हा एका नजरेत वीस-पंचवीस विषय दिसत. आता एक फोटो, अर्धा फोटो, मध्ये जाहिरात. ज्याला फोटो काढता येतो त्याचंच म्हणणं वर. आमच्या गटात येळ्ळूरच्या राजहंसगडाचा फोटो टाकला की तीनशे अंगठे, आणि गडाच्या पाण्याच्या टाक्यांबद्दल चार परिच्छेद लिहिले की दोन. त्यातला एक माझ्या मुलाचा.

कुंदा_कमी_खा
काका टाक्यांचा फोटो लावा वर मग खाली परिच्छेद. आम्ही फसून वाचतो

रिटायर्ड_गुरुजी
करून बघतो.

मिरची_संकेश्वरी
ऑर्कुट कुणीच काढलं नाही?? आमचं सगळं कॉलेज तिथं. कम्युनिटीला एवढासा फोटो असायचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा, त्यावरनं जॉईन व्हायचं. मी एकदा धबधबा बघून गोकाकची समजून जॉईन झाले, तो निघाला दुसऱ्याच देशातला. दोन महिने होते तिथं, काही कळत नव्हतं, लोक चांगले होते. ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा माझे स्क्रॅप (मैत्रिणींनी लिहिलेले निरोप) उतरवून घ्यायचे राहिले ते राहिलेच.

जांबोटीकडचा
गोकाकवरनं आठवलं, कुणी करदंट पाठवणार होतं मला दिवाळीत

मिरची_संकेश्वरी
मी नव्हे

कुंदा_कमी_खा
करदंट कशाला, कुंदा खा की मर्दा

जांबोटीकडचा
नाव काय तुझं 😄

वडगावचा_माग
आमचा पॉवरलूम. माझा अनुभव गोड नाही, तरी लिहितो. आधी गिऱ्हाईक यायचं, पदर हातात घ्यायचं, चुरगाळून बघायचं, मग भाव. आता फोनवर स्क्रीनशॉट, "दादा असंच पाहिजे". कुठनं घेतला विचारलं तर स्क्रोल करताना आला म्हणे. फोटोत सूत कितीचं आहे दिसत नाही, वजन दिसत नाही, रंग तर एका फोनवर मोरपंखी आणि दुसऱ्यावर पोपटी. मागच्या वर्षी एकीला बारा साड्या तशाच रंगाच्या करून दिल्या, म्हणाली हा तो रंग नाही. मी माझ्या फोनवरचा फोटो दाखवला, तिनं तिच्या फोनवरचा. दोघंही खरे.

पण मीच आता त्याच नादात आहे. विणकरांचा एक गट सापडलाय, बांगलादेश, इंडोनेशिया कुठले कुठले लोक, भाषा काडीची कळत नाही. मागाचा फोटो टाकतात, तुटलेल्या भागावर लाल गोल काढतात. बस. आपण पण आपल्या मागाच्या त्याच भागाचा फोटो टाकायचा. एकदा धोटा (आडवं सूत नेतो तो) सारखा उडत होता, मी व्हिडिओ टाकला, रात्री एक माणूस नुसता फोटोवर बाण काढून गेला. सकाळी तिथं घट्ट केलं. थँक्यू कसं म्हणायचं कळेना म्हणून त्याला चालू मागाचा फोटो पाठवला.

निपाणीची_सून
दादा हे लई भारी. बाण काढून गेला 🙏

चार कोंबड्या लपवल्या. आता बदकं येतायत

चिकोडी_टू_बेंगळूर
बदकं पण लपवा

अनगोळची_मधली
मी नुसतं वाचत असते पण आज लिहिते, कुकर होईपर्यंत. माझा फोन साधा, २०१६ ला जिओ फुकट मिळालं तेव्हा घेतलेला. फोटोवाल्या जागा उघडल्या की गरम होतो, खाली गेलं की वरचं विसरतो, चुकून मागे गेलं की परत पहिल्यापासनं. एक पैठणी ब्लाऊजची पाठ मी अशी हरवलीये ती आजतागायत सापडली नाही. आता काही आवडलं की आधी सेव्ह, मग बघणं. शिट्टी झाली

वडगावचा_माग
सुमनअक्का, तुमच्या त्या कसुतीत पण तेच ना? फोटोत सगळं पुढनं झकास. आमची आई म्हणायची कसुती उलटी करून बघावी.

सुमनअक्का_कॅम्प
होय की दादा! गवंती आणि मुर्गी दोन्ही अंगांनी सारखी दिसली पाहिजे, मागं गाठ मारायचीच नाही. म्हणून तर मी त्या बायकांना सारखं म्हणते पाठ दाखवा, पाठ दाखवा. शंभरात एक दाखवते. बाकीच्या हार्ट टाकून पळतात.

वहीतले पत्ते काल रात्री एकेक टाकून बघितले. सगळे बंद. एक उघडला तर तिथं आता टायर विकतात.

कुंदा_कमी_खा
अक्का मग तुमच्या हत्तीची पाठ टाका. वही पण

सुमनअक्का_कॅम्प
वही टाकली खाली बघ. हत्ती दुपारी टाकते, उन्हात वाळतोय. हसू नका पण, सोंडेजवळ एक गाठ आहे.