सहभागितेची सवय संकटाआधीच लावावी लागते का?

नगरकर

सर्वांना सलाम. सहभागिता म्हणजे मंडळीतल्या लोकांनी एकमेकांच्या सुखदुःखात सोबत असणं, त्याविषयी लिहितो. एप्रिल २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेत, माझे वडील गेले. त्या रात्री फोन हातात घेऊन बसलो आणि लक्षात आलं, मंडळीतल्या एकाही माणसाला मी रात्री दोन वाजता फोन करू शकत नाही. पंधरा वर्षं त्याच चर्चचा सभासद. वर्गणी वेळेवर, नाताळ-ईस्टरला हजेरी. पण आशीर्वाद झाला की चपला घालून थेट घरी. अंगणात चहाला कधी थांबलो नाही.

आमच्याच मंडळीत गुरुवारी संध्याकाळी घरोघर फिरणारी प्रार्थनासभा आहे. दहा-बारा घरं. सतरंजी, दोन गीतं, वचन, प्रार्थना, मग पोहे. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, चर्चला कुलूप पडलं, तेव्हा या घरांना नव्यानं काही उभारावं लागलं नाही. कोणाच्या आईला मधुमेहाची औषधं लागतात, कोणाचा मुलगा रोजंदारीवर आहे, घरात एकटं कोण राहतं, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी डबे सुरू झाले. मला कोणी टाळलं असं नाही. माझ्या घरात आजार आहे हे त्यांना कळायला वाटच नव्हती.

बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सहावा अध्याय काढून बघा. राजाशिवाय कोणाकडेही प्रार्थना करणाऱ्याला सिंहांच्या गुहेत टाकायचं, असा हुकूम निघाला होता. हुकमावर सही झाल्याचं कळल्यावर तो घरी गेला, यरुशलेमेकडची खिडकी उघडी होती, आणि त्यानं दिवसातून तीनदा गुडघे टेकले, पूर्वी टेकायचा तसेच. सिंहांच्या गुहेसाठी तो वेगळं काही शिकला नाही. माझं म्हणणं एवढंच, की सगळं ठीक चाललेलं असतानाच एकमेकांच्या घरी जायला लागा. आजारपणात ओळख करून घ्यायला त्राण उरत नाही.

तिसरी पाळी

वडिलांचं वाचून वाईट वाटलं, दादा. पण मत पटत नाही. मी चाकणला कारखान्यात आहे, पाळ्या बदलत्या. रविवार महिन्यातून एखादाच मोकळा मिळतो, गुरुवारचं तर विचारूच नका. मग माझ्यासारख्यानं अडचणीत मंडळीचं दार ठोठवायचंच नाही का? येशूच्या दाखल्यात वाटेत जखमी पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची, त्या परक्या जमातीच्या माणसाची, त्याच्याशी कसली ओळख होती? देवाच्या घरी नेमानं जाणारे याजक आणि लेवी, म्हणजे मंदिरातले पुरोहित आणि सेवकच तर बाजूनं निघून गेले. प्रेम हजेरीपटावर चालत नाही.

वसईची पोर

मी नगरकरांच्या बाजूनं. आम्ही कॅथलिक, आमची रीत थोडी वेगळी, पण मुद्दा तोच. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज सत्ता गेली. सत्तेचा आधार गेला तरी इथला ख्रिस्ती समाज टिकला. आमचे आजी-आजोबा त्याचं श्रेय घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला आणि क्रुसाजवळच्या रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला देत. तिसरी पाळीदादा, शोमरोनी वाटेत भेटला हे त्या माणसाचं नशीब. रोज त्या वाटेनं शोमरोनी जातोच असं नाही.

जालन्याची लेक

सवयीचं कौतुक चाललंय म्हणून लिहिते. मी सवय असलेलीच होते. संडे स्कूल, तरुण संघ, महिला मंडळ, काही चुकवलं नाही. संसार मोडायला आला तेव्हा सभेत एका वाक्यात प्रार्थना मागितली. रविवारपर्यंत ती गोष्ट चर्चच्या फाटकापर्यंत पोचली होती. ‘आपल्या बहिणीसाठी प्रार्थना करा’ असं म्हणत म्हणत माझं घर चव्हाट्यावर आलं. मला आधार दिला शेजारच्या माळकरी काकूंनी. रात्री येऊन भाजी निवडत बसायच्या, एक प्रश्न विचारला नाही. दोन वर्षं मी सभेकडे फिरकले नाही. जमायची सवय सगळ्यांना असते. पोटात ठेवायची किती जणांना आहे?

जुनी पानं

टिळकांचं घर आठवा. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. ख्रिस्ती सहवासाची सवय त्यांना कुठून असणार? त्यांनी बाप्तिस्मा घेतला १९००मध्ये. संकट आधी, सहभागिता मागून. पुढे १९१७मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, तोही बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोघांसाठी. ‘आधी सवय, नाहीतर एकटे पडाल’ हा नियम मला फार कडक वाटतो.

नगरकर

जालन्याच्या ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. त्याला माझ्या पहिल्या लिखाणात उत्तर नाही, हे मान्य. पण एक उदाहरण देतो. जर्मनीत हिटलरच्या काळात हिटलरविरोधी पाळक डीट्रिख बोनहॉफर १९३५पासून फिंकेनवाल्डे इथं पाळक घडवत होते. सगळे एकत्र राहत, एकत्र स्तोत्रं म्हणत, एकत्र जेवत. तिथं एक नियम होता: जो भाऊ समोर नाही त्याच्याविषयी बोलायचं नाही, आणि बोललंच गेलं तर नंतर त्याला जाऊन स्वतः सांगायचं. १९३७मध्ये गेस्टापोनं, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, ती जागा बंद केली. पुढे बरेच जण तुरुंगात किंवा आघाडीवर गेले, तरी बोनहॉफर त्यांना पत्रं लिहीत राहिले. जिभेचा तो नियमही त्यांनी संकट दारात यायच्या आधी अंगी लावून घेतला होता. आमच्या गुरुवारच्या सभेत असा नियम नाही. तो हवा, हे मी या आठवड्यात तिथं बोलणार आहे.

लक्ष्मीबाईंचं उदाहरण मात्र मला उलटं दिसतं. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतरची ती पाच वर्षं त्यांनी कशी काढली असतील? आधीची ओळख असती तर तेवढी सोसावी लागली असती का?

जालन्याची लेक

बोला जरूर. पण स्वतः जाऊन सांगायचा भाग गाळू नका, लोक तोच आधी गाळतील. माझ्याकडे आजवर कोणी आलेलं नाही. आलं असतं तर मी दार उघडलं असतं.

तिसरी पाळी

माझं मत अजून तेच आहे. पण एक विचारतो. रात्रपाळी सकाळी सुटली की आम्ही तिघं ख्रिस्ती पोरं गेटसमोरच्या टपरीवर चहा घेतो. बायबल कोणी उघडत नाही. गेल्या महिन्यात एकाच्या बायकोला बाळंतपणात रक्त लागलं, तेव्हा आम्ही दोघं झोप न घेता दवाखान्यात होतो. नगरकर दादा, ही तुमच्या हिशेबात सहभागिता धरता का?

नगरकर

धरतो. उद्यापासून निघताना एकानं दोन ओळी प्रार्थना करा, उभ्या उभ्या. बाळ-बाळंतीण कशी आहे?